मेणबत्तीच्या मधोमध विहीर पडते आणि ज्योत बुडून विझते: कारण आणि दुरुस्ती

काचेच्या ग्लासातली रुंद मेणबत्ती. चार-पाच वेळा लावून झाली, दर वेळी अर्धा-पाऊण तास. आता वातीभोवती बोटभर खोल विहीर पडली आहे, कडेचं मेण पहिल्या दिवशी होतं तसंच उभं आहे, आणि ज्योत वाटाण्याएवढी होऊन वितळलेल्या मेणात बुडते. पुन्हा लावली तर पाच मिनिटांत तेच. शेवटी अर्ध्याहून जास्त मेण शिल्लक असताना मेणबत्ती टाकून दिली जाते, नवी आणली जाते आणि तिचंही तसंच होतं.

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: अगदी पहिल्यांदा लावली तेव्हा किती वेळ जळू दिली होती? उत्तर बहुतेक वेळा ‘थोडाच वेळ’ असं येतं. बिघाड तिथेच सुरू झालेला असतो. मेणबत्तीच वाईट निघाली, हे खरं असण्याची वेळ त्यामानाने कमी येते. ती कशी ओळखायची ते पुढे सांगतो.

विहीर का पडते

मेणबत्तीत जळते ती मुख्यतः मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचं मेण वितळतं, टीपकागद शाई ओढतो तसं ते धाग्यांच्या फटींमधून वर चढतं, टोकाजवळ त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. वर चढणारं मेण वातीला थंडही ठेवतं, म्हणून वात एका झटक्यात जळून जात नाही. मायकेल फॅरडे यांनी 1860-61 च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण श्रोत्यांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी दाखवलेला एक प्रयोग मला फार आवडतो. मेणबत्ती विझवल्याबरोबर वातीतून पांढरा धूर निघतो. त्या धुरात, वातीपासून दोन-तीन इंच वर, जळती काडी धरली की ज्योत धुरावरून धावत खाली येते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ.

म्हणजे ज्योतीची तब्येत दोन गोष्टींच्या मेळावर अवलंबून असते: ज्योत मेण किती वितळवते आणि वात ते किती ओढते. जास्त वितळलं आणि वातीला ओढता आलं नाही, की वात बुडते. वात मोठी होऊन गरजेपेक्षा जास्त ओढायला लागली, की ज्योत उंच होते आणि काजळी धरते. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या दोन वाक्यांत बसतात.

आता विहिरीचं पाहा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात वातीभोवती तीन-चार सेंटिमीटरचं वर्तुळ वितळलं आणि तुम्ही ज्योत विझवली. तेवढ्या वर्तुळातलं थोडं मेण जळून गेलं, म्हणून ते थिजल्यावर तिथे उथळ खळगा राहिला. दुसऱ्या वेळी ज्योत त्या खळग्यात बसते. गरम हवा सरळ वर जाते, बाजूच्या मेणाला उष्णता कमी मिळते, आणि वितळलेलं मेण कडेला पसरायला जागा नसल्याने वातीभोवतीच साचतं. प्रत्येक वेळी खळगा खोल होतो, भिंती उंच होतात, साचलेलं मेण वातीच्या टोकापर्यंत येतं आणि ज्योत आखडते. आखडलेली ज्योत आणखी कमी वितळवते. चक्र असं आपोआप घट्ट होत जातं.

नुकसान किती, त्याचा हिशेब करून पाहा. मध्यम आकाराची एक ज्योत तासाला साधारण सात ग्रॅम मेण जाळते. म्हणजे 200 ग्रॅमची मेणबत्ती 28 तासांच्या आसपास चालायला हवी. कडेला तिसरा हिस्सा मेण अडकून राहिलं, तर त्यातले नऊ तास गेले.

पडलेली विहीर कशी भरायची

सुरुवात मेणबत्ती पूर्ण थंड असताना करा. वात डोळ्यांना दिसते का ते पाहा. टोक मेणाच्या वर तीन मिलिमीटरही उरलं नसेल, तर आधी तिच्याभोवतीचं मेण टोकदार चमच्याने हलक्या हाताने खरवडून काढा आणि वात पाच-सहा मिलिमीटर मोकळी करा. अशा वेळी वात कापू नका. बुडालेल्या मेणबत्तीची वात आधीच आखूड असते, आणि ‘वात कापा’ हा सरसकट सल्ला ऐकून पुष्कळ जण इथेच काम बिघडवतात.

मग ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा घ्या, ग्लासाच्या तोंडावर तंबूसारखा बसवा, कडा बाहेरून घट्ट दाबा आणि मधोमध तीन-चार सेंटिमीटरचं भोक ठेवा. भोक वातीच्या बरोबर वर हवं, म्हणजे ज्योतीला हवा मिळेल आणि फॉइल ज्योतीला शिवणार नाही. वात पेटवून मगच फॉइल बसवा. एरवी वर निघून जाणारी उष्णता आता कडेच्या मेणावर परतते. तास-दोन तासांत भिंती खचून मेण सपाट होतं. हा सगळा वेळ मेणबत्तीजवळ बसून राहायचं. फॉइल चांगलीच तापते, म्हणून ती काढताना कापडी हातमोजा किंवा चिमटा वापरा. ग्लासाला बारीकशीही तडा असेल तर हा उपाय करूच नका, कारण यात काच नेहमीपेक्षा जास्त गरम होते.

विहीर फार खोल असेल तर मला हेअर ड्रायर बरा वाटतो. ज्योत विझलेली, वाऱ्याचा वेग सर्वांत कमी, उष्णता जास्त, आणि ड्रायर सतत गोल फिरता ठेवायचा. वेग वाढवला तर वितळलेलं मेण उडून हातावर येतं. कडेचं मेण वितळून विहिरीत उतरतं, आणि त्यात वात बुडायला लागली तर वरचं थोडं मेण चमच्याने काढून घ्यायचं. सपाट झाल्यावर वात सरळ मधोमध उभी करा आणि मेण थिजेपर्यंत ग्लास हलवू नका.

तिसरा मार्ग गरम पाण्याचा. मेणबत्तीचा ग्लास आधी कोमट पाण्यात ठेवायचा, मग पाणी हळूहळू गरम करत न्यायचं. नेहमीचं पॅराफिन मेण प्रकारानुसार साधारण 46 ते 68 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे पाणी उकळतं असण्याची गरज नसते. ग्लासात पाण्याचा थेंब जाता कामा नये. थंड ग्लास एकदम कढत पाण्यात ठेवला तर काच तडकते.

दोन गोष्टी मात्र नकोत. मायक्रोवेव्ह नको, कारण बहुतेक वातींच्या बुडाशी धातूची चकती असते. आणि ग्लास थेट शेगडीवर ठेवणं नको. मेण विस्तवावर नुसतं वितळून थांबत नाही. ते तापत राहिलं तर त्याची वाफ पेट घेते.

पुन्हा होऊ नये म्हणून

विहीर न पडू देण्याचा नियम एकच आहे आणि तो पहिल्या वेळेचा आहे. मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण काठापासून काठापर्यंत वितळेपर्यंत ती विझवू नका. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, असा अंदाज धरा. साडेसात सेंटिमीटर रुंदीची मेणबत्ती असेल तर तीन तास. तेवढा वेळ घरात जागं आणि जवळ राहणं जमणार नसेल, तर ती मेणबत्ती त्या दिवशी लावू नका, बारीक लांब मेणबत्ती लावा. पुढच्या वेळीही शक्यतो काठापर्यंत वितळू द्या. एखाद्या वेळी लवकर विझवावी लागली तर लगेच बिघडत नाही, पण दर वेळची ती सवय झाली की विहीर हमखास पडते.

दुसऱ्या टोकाची मर्यादाही आहे: एका दमात चार तासांहून जास्त नाही. त्यानंतर वात लांब झालेली असते, टोकावर काजळीचा गोळा धरलेला असतो, आणि मेणाचं तळं खोल झाल्याने वातीचा आधार सैल होऊन ती कडेकडे सरकू लागते. चार तासांनी विझवा, पूर्ण थिजू द्या, वात कापा, मग हवी तर पुन्हा लावा.

सगळं नीट करूनही काठापासून बोटभर मेण दर वेळी कोरडंच राहत असेल आणि ज्योत सुरुवातीपासून बारीक असेल, तर दोष बनवणाऱ्याचा आहे: ग्लासाच्या मानाने वात बारीक घातली आहे. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद मेणबत्तीत एकच वात असेल तर हे फार वेळा दिसतं. अशा मेणबत्तीला फॉइल लावून दर वेळी ओढत नेता येतं, पण ती मुळातून सुधारत नाही. विकत घेतानाच रुंद मेणबत्तीला दोन किंवा तीन वाती आहेत का ते बघावं.

उलट तक्रार: उंच ज्योत, काळी काच

ज्योत लांबते, लपलपते, ग्लासाचा वरचा काठ काळा पडतो, छतावर डाग येतो. इथे वातीला मेण जास्त मिळतंय आणि हवा कमी पडतेय. खरं तर ज्योतीचा पिवळा उजेड काजळीच्या तापून लाल-पिवळ्या झालेल्या कणांचाच असतो. ज्योत ठीक असेल तर ते कण वरच्या टोकापर्यंत पोहोचता पोहोचता जळून जातात. ज्योत फार मोठी झाली किंवा वाऱ्याने हलत राहिली, की ते अर्धवट जळालेले सुटतात आणि भिंतीवर बसतात.

उपाय वात कापण्याचा. दर वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा. लाकडी पट्टीची वात असेल तर तीन मिलिमीटरच्या आसपास. टोकावर छत्रीसारखा जमलेला गुल त्याच वेळी निघून जातो. ग्लास खोल असेल तर साधी कात्री आत जात नाही, नेलकटर जातं. कापलेला तुकडा मेणात पडू देऊ नका, पडला तर लगेच काढा. काडेपेटीची जळकी काडी, गुलाचा तुकडा, पाकळी, धागा, असं काहीही वितळलेल्या मेणात राहिलं तर ते मेण ओढायला लागतं आणि दुसरी वात होऊन कडेजवळ पेटतं. काच फुटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

हे कापणं जुन्या काळी जळत्या मेणबत्तीवरच, पुन्हा पुन्हा करावं लागे, कारण पिळाची वात ज्योतीच्या मधोमध उभी राहायची आणि तिचं टोक जळतच नसे. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये काँबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ही वात जळताना वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या, भरपूर हवा मिळणाऱ्या भागात येतं आणि स्वतःच जळून राख होतं. आजच्या मेणबत्तीची वात वाकडी दिसली म्हणून तिला ज्योतीतच सरळ करायला जाऊ नका. तिला तसंच विणलेलं असतं. विझवल्यावर मात्र मेण मऊ असतानाच ती मधोमध आणून ठेवावी.

जुन्या, वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या मेणबत्त्या असतील तर एक वेगळी तपासणी करा. काही वातींत धातूची तार असते. ती शिशाची असू शकते. अमेरिकेत 2003 साली शिशाच्या तारेच्या वातींवर बंदी आली, त्याआधीचा माल मात्र कुठेही पडून असू शकतो. टोकाची वात सोलून तार पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती जाळू नका. जस्त किंवा कथलाच्या तारेची रेघ उमटत नाही.

एका बाजूलाच वितळते, मेण ओघळतं

हे वाऱ्याचं काम. पंखा, एसी, उघडी खिडकी, दार, सतत येण्याजाण्याची वाट, यांतलं काहीतरी जवळ असतं. मेणबत्ती लावून दोन मिनिटं नुसतं बघा: ज्योत सारखी एकाच दिशेला झुकते का? झुकत असेल तर जागा बदला. खोली बंद करून बसू नका. हवा खेळती हवीच, फक्त झोत मेणबत्तीवर नको. ग्लास नसलेल्या जाड मेणबत्तीला झोत लागला की एका बाजूचा काठ फुटतो, तळं तिथून रिकामं होतं, वातीला मेण कमी पडतं आणि ज्योत भडकते. फुटलेला काठ मेण मऊ असताना बोटाने आत दाबून बसवता येतो. ते आधी मेणबत्ती विझवून, मेण हाताला सोसेल इतकं निवल्यावर करा.

इथे काळजी म्हणून सांगतो. ज्योत काचेच्या बाजूला झुकून तासभर तशीच राहिली तर काचेचा तेवढाच भाग तापतो आणि बाकीचा गार राहतो. काच तडकते ती या फरकामुळे. माझ्याकडे असा एक ग्लास रात्री तडकला होता, वितळलेलं मेण टेबलावरून खाली सांडलं. खाली कागद नव्हते आणि मी खोलीत होतो, म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्याकडची प्रत्येक मेणबत्ती काठ असलेल्या धातूच्या किंवा चिनी मातीच्या बशीत उभी असते.

कुठे ठेवायची, केव्हा थांबायचं

पडदे, कागद, कपडे, केस या सगळ्यांपासून सर्व बाजूंनी 30 सेंटिमीटर अंतर, आणि वर त्याहून जास्त, कारण उष्णता वर जाते. कपाटाच्या कप्प्यात मेणबत्ती लावू नये. एकाशेजारी एक अशा अनेक लावायच्या असतील तर मध्ये आठ-दहा सेंटिमीटर जागा सोडा. छोट्या चकतीच्या मेणबत्त्या खेटून ठेवल्या तर त्या एकमेकींना तापवतात, सगळं मेण पाण्यासारखं पातळ होतं आणि पृष्ठभागच पेट घेऊ शकतो. एका मेणबत्तीची उष्णता साधारण 80 वॅट असते. दहा जवळजवळ ठेवल्या तर ती छोटी शेगडीच होते. मुलं किंवा पाळीव प्राणी पोहोचतील अशा उंचीवर नको. झोप येत असेल तर आधी विझवा.

ग्लासात तळाशी बारा मिलिमीटर मेण उरलं की ती मेणबत्ती संपली असं समजा. ते मेण काचेला ज्योतीपासून वाचवत असतं. ग्लास नसलेल्या जाड मेणबत्तीत थोडं जास्त, पाच सेंटिमीटर उरल्यावर थांबा. मेण वाचवायचं म्हणून वात तळाच्या चकतीपर्यंत जाळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि या एका बाबतीत मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं.

विझवताना फुंकर नको. वितळलेलं मेण उडतं आणि धूर खोलीभर होतो. टोपण असेल तर ते घाला, नसेल तर चिमट्याने वात क्षणभर मेणात बुडवून परत उभी करा. धूर जवळपास होतच नाही, आणि वातीला मेण लागल्याने पुढच्या वेळी ती सहज पेटते.

आणि पृष्ठभागच पेटला, म्हणजे ज्योत वातीपुरती न राहता सगळ्या मेणावर पसरली, तर पाणी अजिबात टाकू नका. पाणी मेणापेक्षा जड असतं, ते खाली जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा घेते. ती जळतं मेण वर उडवते. धातूचं झाकण किंवा ताट वरून सरकवून ठेवा, हवा तुटली की आग जाते. मग तासभर हलवू नका. हातावर मेण सांडलं तर ते ओढून काढायच्या आधी वाहत्या गार पाण्याखाली किमान 20 मिनिटं हात धरा. थिजलेलं मेण सहज सुटत असेल तरच काढा. फोड आला किंवा भाग मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.

फ्रिजरबद्दल

मेणबत्ती फ्रिजरमध्ये ठेवली तर जास्त चालते, असं पुष्कळ जण सांगतात. सुरुवातीला थंड मेण जरा हळू वितळतं, एवढंच. लवकरच ते नेहमीच्या तापमानाला येतं. उलट मेणाला चिरा जातात आणि ग्लासातली असेल तर काच तडकण्याची भीती वाढते. मी हे करत नाही. थंड, अंधारी जागा, आणि बारीक लांब मेणबत्त्या असतील तर आडव्या ठेवणं, एवढं पुरतं. वात वेळेवर कापल्याने आणि झोत टाळल्याने जितका फायदा होतो, तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

तळाशी उरलेलं मेण काढायचं असेल तर ग्लास गरम पाण्यात ठेवून ते मोकळं करा, कागदाने पुसून घ्या आणि कागद कचऱ्यात टाका. ते पाणीही गार होऊ द्या, वर आलेलं मेण उचलून घ्या, आणि मगच पाणी ओता. वितळलेलं मेण बेसिनमध्ये गेलं तर पाइपाच्या वळणात थिजून बसतं, आणि ते काढणं विहीर भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.